जप्त मटण नेमकं कशाचं? वन्यजीव गुन्ह्यांच्या डीएनए तपासात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

वन्यजीव गुन्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बिबट्याचं कातडं येतं. सातारा-सांगलीकडच्या वनपालाच्या टेबलावर मात्र बहुतेक वेळा येते ती काळी पिशवी आणि तिच्यात चिरून वाटे केलेलं मटण. नाहीतर उसाच्या फडाकडेला चुलीवर सापडलेलं रश्श्याचं पातेलं, मूठभर खवले, कोयत्यावरचा वाळलेला डाग. शिंग नाही, खूर नाही, केस नाहीत. समोरचा शांतपणे म्हणतो, "साहेब, बोकडाचं आहे." डोळ्यांनी बघून त्याला खोटं पाडता येत नाही. डीएनए लागतो तो इथे.

हा लेख नव्याने रुजू झालेल्या वनरक्षक-वनपालांसाठी आहे. साताऱ्यात, कराडात, सांगलीत जैवतंत्रज्ञान शिकून या कामाकडे वळू पाहणाऱ्यांसाठीही आहे. वनरक्षकाला पंचनामा येतो पण पिपेट (थेंबभर द्रव मोजून उचलायचं साधन) कधी हातात धरलेलं नसतं, आणि विद्यार्थ्याला पिपेट येतं पण पंचनामा कशाशी खातात ते ठाऊक नसतं. माझ्या मते विद्यार्थ्याची उणीव जास्त महागात पडते. प्रयोगशाळेत बिनसलं तर उरलेल्या तुकड्यावर चाचणी पुन्हा करता येते. जागेवरच नमुन्यांची सरमिसळ झाली, तर देशातली कुठलीही प्रयोगशाळा ती निस्तरू शकत नाही.

आधी कायदा, मग नळ्या

चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पण फासकी आणि वाघर (शिकारीचं जाळं) लावणारे प्रकल्पाची हद्द बघून लावत नाहीत. पाटण, जावळी, शिराळा या तालुक्यांत मालकीच्या रानातही हे चालतं, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथेही तितकाच लागू असतो. कोणता प्राणी मारला यावर शिक्षा ठरते. गवा, बिबट्या, खवले मांजर हे शेड्यूल एकमध्ये, म्हणजे कायद्याच्या सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. त्यांच्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षं तुरुंगवास आहे. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि शेड्यूलांची मांडणीच बदलली. कपाटातल्या जुन्या पुस्तकावरून कलमं आणि शेड्यूल लिहू नका. हे सांगायची वेळ अजूनही येते.

माल आरोपीच्या ताब्यात सापडला हे सिद्ध झालं, की तो आपल्याकडे कायदेशीररीत्या होता हे दाखवायची जबाबदारी कलम ५७ नुसार त्याच्यावर जाते. पण तो माल वन्यप्राण्याचाच आहे, हे आधी आपल्याला दाखवावं लागतं. डीएनए अहवालाचं काम तेवढंच आहे. कोणी मारलं, कधी मारलं, बंदुकीने की फासकीने, यातलं काहीही जातीची ओळख सांगत नाही. ते पंचनाम्यातून, साक्षीदारांकडून आणि शवविच्छेदनातून येतं.

सरावासाठी म्हणून रानातल्या मेलेल्या भेकराचा तुकडा घरी किंवा कॉलेजात आणायचा नाही. वन्यप्राणी, त्याचं मांस, शिंग, अगदी आपोआप गळून पडलेलं सांबरशिंगसुद्धा विनापरवाना बाळगणं हा गुन्हाच आहे. सराव बाजारातल्या मालावर करायचा: बोकड, मेंढी, कोंबडी, म्हैस, डुक्कर आणि एखादा मासा. हे पुरेसं आहे, आणि शिकायला जास्त चांगलंही. बोकड कोणतं नि मेंढी कोणती हे चिरलेल्या मटणात भल्याभल्यांना सांगता येत नाही. यंत्राने ते सांगितलं की पद्धतीवर विश्वास बसतो.

जागेवर: सगळा खेळ इथलाच

पहिला नियम म्हणजे जितक्या वस्तू तितके नमुने, आणि जितके नमुने तितकी नवी ब्लेडं. पिशवीतल्या मटणाचा एक तुकडा, पातेल्यातला एक, कोयत्यावरचा डाग, ओट्यावरचं रक्त, असे चार नमुने असतील तर चार वेळा हातमोजे बदलायचे आणि चार ब्लेडं वापरायची. "पाण्याने धुतलं होतं" हे उत्तर कोर्टात चालत नाही. डीएनए पाण्याने जात नाही.

पिशवीत वाटे वेगवेगळे असतील तर प्रत्येक वाट्यातून घ्या. सांबराच्या मटणात बोकडाचं मटण मिसळून विकणारे असतात. एकच तुकडा उचललात आणि तो नेमका बोकडाचा निघाला, तर आरोपी तुमच्याच अहवालावर सुटेल.

तुकडा सुपारीएवढा पुरतो. किलोभर पाठवल्याने काम जास्त चांगलं होत नाही, उलट मधला भाग कुजतो. तुकडा बाहेरून न घेता आतून कापून घ्या, कारण बाहेरच्या थरावर विकणाऱ्याचे हात, ठोकळा, माशा, सगळं लागलेलं असतं. तो शुद्ध अल्कोहोलमध्ये बुडवायचा. अल्कोहोल तुकड्याच्या निदान पाचपट असावं, नाहीतर मांसातलं पाणी सुटून ते पातळ होतं आणि तुकडा आतून सडतो. सॅनिटायझर चालत नाही. फॉर्मलीन तर मुळीच नाही, कारण त्याने डीएनए आणि प्रथिनं एकमेकांना जखडली जातात आणि पुढे फारसं काही निघत नाही. पशुवैद्यकीय अधिकारी शवविच्छेदनात पेशींच्या तपासणीसाठी फॉर्मलीन वापरतात, ते त्यांच्या कामाला बरोबर आहे. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवा की बाटल्या दोन हव्यात, एक त्यांची आणि एक डीएनएची.

आता लेबल. मार्करने बाटलीवर लिहिता, झाकणातून थेंबभर अल्कोहोल झिरपतं, आणि प्रयोगशाळेत पोचेपर्यंत अक्षरांच्या जागी निळसर डाग उरतो. म्हणून जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने गुन्हा क्रमांक, नमुना क्रमांक आणि तारीख लिहून ती चिठ्ठी बाटलीच्या आत टाकायची. पेन्सिल अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. बाहेरच्या लेबलवर तेच पुन्हा, वर पंचांच्या सह्या, मग दोरा, लाख आणि मोहर. ज्या मोहरेने सील केलं तिचा ठसा पंचनाम्यावर घ्या आणि प्रयोगशाळेच्या पत्रावरही. तिथले लोक बाटली उघडण्याआधी हे दोन ठसे ताडून बघतात. जुळले नाहीत तर नमुना परत येऊ शकतो.

रक्ताच्या डागाचं तंत्र वेगळं. निर्जंतुक कापसाचा बोळा शुद्ध पाण्याने जरासा ओला करून डागावर फिरवायचा, सावलीत पूर्ण वाळवायचा आणि कागदी पाकिटात ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो आणि बुरशी येते. पावसाळ्यात नवजा किंवा महाबळेश्वर भागात काम असेल तर "वाळवायचा" हा शब्द लिहायला सोपा आणि करायला अवघड. तिथे सिलिका जेलचे दाणे जवळ ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले म्हणजे ओलावा शोषून भरले; बदला. डाग पडलेली वस्तू लहान असेल, चाकू किंवा कपड्याचा तुकडा, तर पुसत न बसता तीच सीलबंद करा.

रश्श्याचं पातेलं सापडलं तर निराश होऊ नका. शिजवल्याने डीएनएचे तुकडे होतात, पण नाहीसा होत नाही. मऊ शिजलेलं मांस घेण्यापेक्षा हाडाला चिकटलेलं मांस आणि हाड दोन्ही घ्या. हाडाच्या आत तो जास्त टिकतो. खवल्या मांजराचा खवला आपल्या नखासारख्याच केराटिनचा असतो. त्याच्या टोकाला फारसं काही मिळत नाही, मुळाशी सुकलेली त्वचा चिकटलेली असते तिथे मिळतं. म्हणून खवले घासूनपुसून "स्वच्छ" करून पाठवू नका.

झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रीकरण करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्या फोनवर चित्रण झालं त्याचं नाव तेव्हाच टिपून ठेवा. बदली झालेल्या माणसाला दोन वर्षांनी शोधत फिरणं नको.

पत्रात प्रश्न काय विचारायचा

नमुना डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे जातो, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या 'लॅकोन्स' या वन्यजीव प्रयोगशाळेकडे जातो, किंवा वरिष्ठ सांगतील त्या मान्यताप्राप्त ठिकाणी. सोबतच्या पत्रात "तपासणी होऊन अहवाल मिळावा" एवढंच लिहिलेलं असतं. हे अर्धवट आहे. प्रयोगशाळा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. "नमुना क्र. १ ते ४ कोणत्या प्राण्याचे आहेत? क्र. १ आणि क्र. ३ एकाच जातीचे आहेत का?" असं लिहा. कोयत्यावरचं रक्त आणि पिशवीतलं मांस एकाच जिवाचं आहे का, हा प्रश्न त्याहून मोठा. त्याला जातीची चाचणी पुरत नाही, मायक्रोसॅटेलाइट नावाची वैयक्तिक ओळखीची चाचणी लागते, आणि ती प्रत्येक जातीसाठी तयार असेलच असं नाही. आधी फोन करून विचारा. नर की मादी हे हवं असेल तर तेही लिहा.

नमुना माणसाबरोबर पाठवावा. अल्कोहोल ज्वलनशील, कुरिअरवाले घेत नाहीत, आणि सीलबंद पाकीट वाटेत चार दिवस कुठे पडून होतं याचा हिशेब कोणीच देऊ शकत नाही. नेणाऱ्याने पोचपावती घेतल्याशिवाय परतीची गाडी पकडू नये.

आता हात बसवायचा

इथून पुढचा भाग कॉलेजच्या प्रयोगशाळेत करता येतो. तिथल्या निकालाला कोर्टात किंमत नाही हे ध्यानात ठेवा. खटल्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच जातो. सराव कशासाठी, तर अहवाल वाचता यावा आणि पुढे तिथे काम मिळालं तर हात थरथरू नये म्हणून.

सुरुवात रंगीत पाण्याने. पिपेटला दाबाचे दोन टप्पे असतात. पहिल्यापर्यंत दाबून उचलायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत दाबायचं. नवखा माणूस उचलतानाच दुसऱ्यापर्यंत दाबतो आणि जास्त घेतो. पडताळा सोपा आहे: १०० मायक्रोलिटर पाणी नाजूक तराजूवर ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. जेल म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थलथलीत थर. त्याच्या खाचांत नमुना भरायचा सराव किराणा दुकानातल्या चायना ग्रासच्या जेलवर करा. खऱ्या जेलसाठी लागणारं ॲगरोज महाग असतं, आणि पहिल्या पंधरा-वीस खाचा तरी टोचून फुटणारच.

मग डीएनए काढणं. तिळाएवढा तुकडा बारीक चिरून पेशी फोडणाऱ्या द्रावणात टाकायचा, त्यात प्रोटिनेज के नावाचं विकर, आणि ५६ अंश सेल्सिअसला रात्रभर. सकाळी द्रावण स्वच्छ दिसलं पाहिजे. गाठी दिसत असतील तर आणखी विकर, आणखी दोन तास. घाई करून पुढे गेलात तर चाळणी तुंबते. त्यानंतर सिलिकाच्या चाळणीतून गाळणं, अल्कोहोलयुक्त द्रावणाने दोनदा धुणं आणि शेवटी थोड्या द्रावणात डीएनए उतरवणं, हे सगळं किटच्या कागदावर लिहिलेलं असतं. तिथे लिहिलेलं नसतं ते एक सांगतो. शेवटच्या धुण्यानंतर नळी रिकामीच एकदा सेंट्रिफ्यूजमध्ये (नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रात) फिरवून घ्या. अल्कोहोलचा अंश राहिला तर जेलच्या खाचेत नमुना बसतच नाही, वर तरंगून निघून जातो, आणि तुम्ही दिवसभर पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या पुढच्या पायरीला) दोष देत बसता.

प्रत्येक वेळी एक नळी अशी ठेवायची जिच्यात मांसच नाही, बाकी सगळं तसंच. तिला ब्लँक म्हणतात. नवख्यांना ती नळीची नासाडी वाटते. मला विचाराल तर संपूर्ण प्रशिक्षणात शिकण्यासारखी एकच गोष्ट निवडायची असेल तर ती ही नळी.

पीसीआर आणि जेल

जातीच्या ओळखीसाठी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वापरतात. एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असतात, त्यामुळे शिजलेल्या, सडलेल्या मालातूनही काहीतरी हाती लागतं. सायटोक्रोम बी, १२एस, १६एस, सीओआय ही त्यातली नेहमीची जनुकं. सीसीएमबीतल्या शास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एमसीबी ३९८ आणि एमसीबी ८६९ ही प्रायमरची जोडी प्रसिद्ध केली. प्रायमर म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे डीएनएचे छोटे धागे. जवळपास कुठल्याही पाठीच्या कण्याच्या प्राण्यात ती सायटोक्रोम बीचा ४७२ अक्षरांचा (डीएनएची ए, टी, जी, सी ही अक्षरं) तुकडा वाढवते. भारतात वन्यजीव तपासात तिचा भरपूर वापर झाला आहे, शिकायलाही तीच चांगली.

यंत्र करतं काय, तर ९५ अंशांच्या आसपास डीएनएचे दोन धागे सुटे, पन्नाशीच्या घरात प्रायमर चिकटणार, ७२ अंशांना नवा धागा तयार. प्रत्येक फेरीत दुप्पट. ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून जास्त. हा आकडा ऐकून लोक खूश होतात. माझ्या मनात धास्ती येते. तुमच्या हातमोज्यावर लागलेली बोकडाची एक पेशीही तेवढीच वाढणार. म्हणून पीसीआर झाल्यावर नळ्या ज्या खोलीत उघडता, त्या खोलीत नमुना कापायचा नाही. खोली दुसरी नसेल तर निदान टेबल, पिपेट आणि ॲप्रन वेगळे ठेवा, आणि टेबल आधी पातळ केलेल्या ब्लीचने, मग अल्कोहोलने पुसा.

मिश्रण करताना हिशेब असा: नमुने ८, ज्याची जात नक्की माहीत आहे असा १, ब्लँक १, आणि डीएनएऐवजी नुसतं पाणी टाकलेली नळी १, एकूण ११. मिश्रण १२ जणांचं करा, पिपेटला थोडं चिकटतंच.

पीसीआर चाललीच नाही तर लगेच नमुना खराब म्हणू नका. हळद, रक्तातलं हिमोग्लोबिन, कातडं कमावताना वापरलेलं टॅनिन, माती, हे सगळे यंत्राच्या विकराला अडवतात. डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा. निम्म्या वेळा तेवढ्यानेच काम होतं. काही जण त्यात बीएसए नावाचं प्रथिन घालतात. उपाय चांगला, पण ते गाईच्या रक्तातून काढलेलं असतं आणि त्यात कधीकधी गाईचा डीएनए उतरलेला असतो. गव्याच्या प्रकरणात गाईचा निकाल येणं म्हणजे आरोपीच्या वकिलाची दिवाळीच. बाजारातल्या रसायनांमधून डुकराचा आणि कोंबडीचा डीएनएही सापडल्याची नोंद आहे. ब्लँक नळीचं महत्त्व आता पटेल.

जेलवर शिडी, म्हणजे दर १०० अक्षरांना एक पट्टी असलेली मोजपट्टी, शेजारी चालवा. तुमची पट्टी ४०० आणि ५०० च्या मध्ये हवी, ब्लँक आणि पाण्याच्या रांगा कोऱ्या हव्यात. तिथे फिकी जरी पट्टी दिसली तरी अख्खी खेप रद्द. "फारच फिकी आहे, चालेल" असं म्हणणारा माणूस या कामाला नको. शिजलेल्या नमुन्यात ४७२ चा तुकडा मिळाला नाही तर शे-दीडशे अक्षरांचा लहान तुकडा वाढवणारे प्रायमर वापरतात.

अक्षरं वाचताना

सँगर पद्धतीने क्रमवाचन, म्हणजे वाढवलेल्या तुकड्यातली अक्षरं ओळीने वाचणं, दोन्ही बाजूंनी करून घ्या. आलेख हातात आला की आधी डोळ्यांनी बघा. सुरुवातीची आणि शेवटची गिचमिड अक्षरं कापून टाकायची. मधल्या भागात एकाच जागी दोन शिखरं वारंवार दिसली तर थांबा. एकतर मटण मिसळलेलं आहे, नाहीतर तुम्ही मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकाची केंद्रकात जाऊन बसलेली जुनी प्रत वाचताय. मांजरकुळात ही भानगड विशेष आहे, त्यामुळे बिबट्याच्या नमुन्यात दुप्पट सावध राहा.

मग एनसीबीआयच्या (जगभरचे डीएनए क्रम साठवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या) संकेतस्थळावर ब्लास्ट, म्हणजे आपला क्रम तिथल्या क्रमांशी जुळवून बघणं. पहिल्या ओळीत आलेलं नाव उचलून अहवालात लिहिणं ही नवख्यांची सवय. खालच्या दहा-वीस ओळी वाचा. तिथे कोणीही आपला क्रम जमा करू शकतो, चुकीच्या नावाचे क्रमही पडलेले असतात. आणि "९८ टक्के जुळलं" याचा अर्थ "सांबर असण्याची शक्यता ९८ टक्के" असा होत नाही. दर शंभर अक्षरांमागे ९८ सारखी निघाली, एवढाच त्याचा अर्थ. एखाद्या जातीत ९८ म्हणजे तोच प्राणी ठरेल, दुसरीकडे ९८ म्हणजे त्याचा चुलतभाऊ. म्हणून प्रयोगशाळा स्वतःकडच्या खात्रीच्या नमुन्यांशी ताडून बघतात.

शिकताना आंधळी परीक्षा नक्की घ्या. कोणीतरी बाजारातून पाच प्रकारचं मटण आणून, फक्त आकडे घालून द्यावं, एकात मुद्दाम दोन मिसळावीत. उत्तरं बंद पाकिटात. यात उत्तीर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रानडुक्कर: सगळ्यात जास्त विचारलं जाणारं, सगळ्यात अवघड

आपल्या भागात सगळ्यात जास्त तंटा याचाच. गावडुक्कर आणि रानडुक्कर शास्त्रीयदृष्ट्या एकाच जातीचे, सुस स्क्रोफा. सायटोक्रोम बी म्हणणार "डुक्कर", आणि आरोपीही तेच म्हणतोय. त्यापुढे जायचं तर केंद्रकातली एमसी१आर, एनआर६ए१ यांसारखी जनुकं बघतात. पाळीव जातींत माणसाच्या निवडीमुळे त्यांत बदल झालेले असतात. पण मोकाट हिंडणारी गावडुकरं आणि रानडुकरं यांची वीण मिसळते, त्यामुळे उत्तर दर वेळी ठाम येत नाही. म्हणून अशा प्रकरणात जागेवरच राठ केसांचा झुबका, कातडीचा तुकडा, सुळा, खूर, काहीही सापडलं तर ते सोडू नका. चुलीची राख उकरा, उकिरडा बघा. इथे डोळ्यांनी ओळखलेला सुळा हा डीएनएपेक्षा भारी पुरावा ठरतो.

उलट प्रकारही होतो. वाघनखं म्हणून विकायला आणलेली वस्तू म्हशीच्या शिंगाची किंवा चक्क प्लास्टिकची निघते. अहवालात "म्हैस" आलं म्हणून काम वाया गेलं असं समजू नका. विकणारा फसवणुकीत अडकतो, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८. ते प्रकरण पोलिसांकडे द्या.

कुठे शिकाल, आणि शेवटी कोर्टात

वन खात्यातल्यांसाठी कुंडलची वन अकादमी आपल्याच पलूस तालुक्यात आहे. तिथल्या अभ्यासक्रमात वन्यजीव गुन्ह्यांचा तास असेल तर मागच्या बाकावर बसू नका. डेहराडूनची संस्था आणि लॅकोन्स यांची प्रशिक्षणं निघतात तेव्हा अर्ज वरिष्ठांमार्फत जातो. विद्यार्थ्यांनी तिथे प्रकल्पासाठी थेट विचारावं, आणि अर्जात "वन्यजीवांची आवड आहे" यापेक्षा आपण कोणत्या जनुकावर, किती नमुन्यांवर हात चालवला हे लिहावं.

खटला उभा राहायला वर्षं जातात. साक्षीला गेल्यावर पीसीआरबद्दल वकील फारसं विचारत नाहीत. तो प्रश्न तज्ज्ञाचा, साक्ष्य अधिनियम कलम ३९. तुम्हाला विचारतील ते असं: बाटल्या किती होत्या? ब्लेड कोणी बदललं? सील करताना पंच कुठे उभे होते? रात्री मुद्देमाल कुठे ठेवला, किल्ली कोणाकडे? पत्रावर १४ तारीख आणि पोचपावतीवर १७, मधले तीन दिवस नमुना कुठे होता? याची उत्तरं आठवणीतून द्यायची नसतात. जप्तीच्या दिवसापासून एक वही ठेवा, नमुना ज्या ज्या हातातून गेला त्याची तारीख, वेळ, सही तिच्यात घ्या, आणि साक्षीच्या आदल्या दिवशी सरकारी वकिलांसोबत बसून ती पुन्हा वाचा.